कार्यमग्न महादेवभाई आणि त्यांचे घर

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात येते. त्यांनी कोणती पदवी मिळविली, कोणता ग्रंथ लिहिला, किती वेळा कारावास भोगला, हे सारे चरित्रकार तपशीलवार सांगतो. परंतु तो पुरुष रात्री किती वाजता घरी परतत असे, त्याचे ताट झाकून कोण वाट पाहत बसे, आणि मुलाला बापाचा सहवास किती लाभे, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. जणू काय थोर पुरुषांना कीर्ती असते, घर नसते! वस्तुतः प्रत्येक मोठ्या कार्यामागे एक घर उभे असते आणि त्या कार्याच्या मूल्याचा काही भाग ते घर निमूटपणे चुकते करीत असते.

विद्यार्थिमित्रहो, ज्या सुरत शहरात आपली ही शाळा आहे, त्याच सुरत जिल्ह्याच्या मातीत अशा एका पुरुषाचा जन्म झाला. महात्मा गांधींचे चिटणीस म्हणून साऱ्या देशाला परिचित असलेले महादेव हरिभाई देसाई, हे त्यांचे नाव. पंचवीस वर्षे त्यांनी जे काम केले त्याला सकाळ नव्हती, सायंकाळ नव्हती आणि सुटीचा वारही नव्हता. या कार्यमग्न पुरुषाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहोत. पण ते सांगताना त्यांच्या घराकडेही थोडे पाहणार आहोत.

महादेवभाईंचा जन्म १ जानेवारी १८९२ रोजी ओलपाड तालुक्यातील सरस या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दिहेण, तेही सुरत जिल्ह्यातलेच. वडील हरिभाई शाळामास्तर होते. त्या काळी मास्तरांचा मान मोठा, पण पगार तुटपुंजा! महादेव अवघा सात वर्षांचा असताना त्याची आई जमनाबेन वारली. आईवेगळ्या मुलाला ज्या अनेक गोष्टी लवकर कळू लागतात, त्या यालाही कळल्या. तो अभ्यासात हुशार होता, अक्षर सुरेख होते आणि स्वभाव लाघवी होता. माध्यमिक शिक्षणासाठी तो सुरतेस आला आणि सुरत हायस्कुलातून त्याने आपला अभ्यासक्रम पुरा केला. तेव्हाच्या रूढीप्रमाणे १९०५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याचे लग्नही झाले. वधूचे नाव दुर्गा. आजच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून हसू येईल. परंतु या बालवयात जुळलेली गाठ पुढे किती ओढ सोसून टिकली, हे पाहिले म्हणजे हसू मावळून आदर वाटू लागतो.

पुढील शिक्षणासाठी महादेवभाई मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे गोकुळदास तेजपाल वसतिगृहाचा आश्रय त्यांना मोठ्या मोलाचा ठरला. १९१० साली ते बी. ए. झाले. नंतर कायद्याचा अभ्यास सुरू केला. पण घरून पैसा येण्याचा संभव नसल्याने त्याबरोबर नोकरीही धरावी लागली. सरकारच्या ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत, म्हणजे देशी भाषांतील मजकुराचे भाषांतर करणाऱ्या खात्यात, ते काम करू लागले. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात कायद्याची पुस्तके, असा क्रम चालवून १९१३ साली ते एल्एल्. बी. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. याच सुमारास मोर्ले या इंग्रज विचारवंताच्या ‘ऑन कॉम्प्रमाइज’ या ग्रंथाचे गुजराती भाषांतर करून त्यांनी फॉर्बस सभेचे एक हजार रुपयांचे पारितोषिक पटकाविले. एक हजार रुपये ही त्या काळी केवढी रक्कम होती, ते घरातील आजोबांना विचारावे!

काही काळ त्यांनी अहमदाबादेस वकिली करून पाहिली. नरहरी परीख हे त्यांचे जिवलग मित्रही तेथेच वकील होते. वकिलीत मन रमेना म्हणून महादेवभाईंनी सहकारी बँकेत तपासनिसाची नोकरी धरली. गावोगावच्या सहकारी पतपेढ्यांचे हिशेब तपासत हिंडण्याचे हे काम होते. भाषा शिकण्याचा त्यांना नादच होता. गुजराती आणि इंग्रजी तर त्यांच्या हातच्या. बंगाली त्यांनी इतकी आत्मसात केली की रवींद्रनाथांचे आणि शरच्चंद्रांचे वाङ्मय त्यांनी गुजरातीत उतरविले. संस्कृत, हिंदी आणि आपली मराठीही त्यांना अवगत होती. आमची स्वतःची घरची बोली कोकणी, अध्यापनाची भाषा मराठी आणि बाजारातील व्यवहार गुजरातीतून. त्यामुळे अनेक भाषांच्या उंबरठ्यांवर सहजतेने वावरणाऱ्या या माणसाविषयी आम्हांस विशेष जिव्हाळा वाटतो, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

येथवरचे चरित्र पाहिले म्हणजे कोणासही वाटेल की, आता या तरुणाचे भाग्य उजळणार. हाती दोन पदव्या, लेखणीला पारितोषिक, अंगी चातुर्य. चांगला वकील, नामांकित साहित्यिक किंवा बँकेचा मोठा अधिकारी, यांपैकी काहीही होणे त्याला अशक्य नव्हते. आयुष्यभर काटकसरीत दिवस काढलेल्या शाळामास्तराच्या घरी मुलाने आता स्थिरस्थावर व्हावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविकच होते. परंतु १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परत आले होते आणि त्यांनी अहमदाबादेस आश्रम स्थापन केला होता. आश्रमाच्या नियमावलीचा मसुदा वाचून महादेवभाई आणि नरहरीभाई या दोघा मित्रांनी त्यावर टीका करणारे पत्र गांधीजींना लिहिले, आणि त्या निमित्ताने परिचय झाला. टीका करावयास गेलेले दोघेही पुढे आश्रमाचेच झाले!

नोव्हेंबर १९१७ मध्ये गोध्रा येथे राजकीय परिषद भरली होती. तेथे महादेवभाई गांधीजींना येऊन मिळाले आणि त्यांच्याबरोबर बिहारातील चंपारण्याकडे निघाले. या वेळी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ते एकटे गेले नाहीत. दुर्गाबेनही त्यांच्याबरोबर गेल्या. निळीच्या मळेवाल्यांनी नाडलेल्या त्या प्रांतात गांधीजींनी खेड्यांतून शाळा काढल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रातून अवंतिकाबाई गोखले आणि आनंदीबाई, तसेच बेळगावचे बाबासाहेब सोमण आणि पुंडलीक हे कार्यकर्ते तेथे गेले होते. नरहरीभाई आणि त्यांच्या पत्नी मणिबेन याही होत्या. दुर्गाबेन त्यांच्यातच सामील झाल्या. नवऱ्याच्या नव्या उद्योगाची वार्ता घरी बसून ऐकण्याऐवजी त्या उद्योगातच त्यांनी पाऊल टाकले. महादेवभाईंच्या संसाराची ही खरी सुरुवात होय, असे आम्हांस वाटते.

१३ नोव्हेंबर १९१७ पासून महादेवभाई रोजनिशी लिहू लागले. ही रोजनिशी स्वतःच्या सुखदुःखांची नव्हे. गांधीजी कोणास काय बोलले, कोणास काय लिहिले, कोणत्या प्रश्नावर कसा विचार केला, याची ती नोंद होती. त्यांना लघुलिपी येत नव्हती. परंतु साध्या लिपीत ते एवढ्या वेगाने लिहीत की, लघुलेखकाने टिपलेल्या भाषणाशी त्यांचे टिपण पडताळून पाहावे. आणि इतके वेगाने लिहूनही अक्षर मोत्यांसारखे!

आता त्यांच्या दिवसाकडे पाहू. आश्रमात पहाटे चार वाजता प्रार्थनेची घंटा होई. तेव्हापासून चिटणिसाचे काम सुरू. देशोदेशींहून आलेली पत्रे वाचावयाची, ज्यांना स्वतः उत्तर देता येईल त्यांना द्यावयाचे, उरलेली गांधीजींपुढे ठेवावयाची. भेटीस येणाऱ्यांच्या वेळा ठरवावयाच्या, भेट चालू असता टिपणे घ्यावयाची. प्रवास असेल तर गाड्यांची वेळापत्रके पाहावयाची, सामान आवरावयाचे. ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या साप्ताहिकांसाठी लेख लिहावयाचे आणि भाषांतरे करावयाची. साप्ताहिकाला दया नसते. वार उजाडला की मजकूर तयार हवा. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात, गर्दीत, गाडीच्या हेलकाव्यांत त्यांची लेखणी चालू असे. सारे निजल्यावर दिवसाची नोंद पुरी करावयाची, ती निराळीच.

गांधीजींचे आत्मचरित्र आज जगभर वाचले जाते. गांधीजी ते गुजरातीत लिहीत आणि ‘नवजीवना’त त्याची प्रकरणे क्रमाने छापली जात. त्यांचे इंग्रजी रूपांतर आठवड्यामागून आठवडा महादेवभाई करीत. शेवटल्या भागातील काही प्रकरणांचे भाषांतर मात्र प्यारेलाल यांनी केले. कारण तेव्हा महादेवभाई आपल्या सुरत जिल्ह्यातच, बारडोलीत, गुंतले होते. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यांवर सुमारे २२ टक्के सारावाढ लादली गेली आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला, हे आपण इतिहासात शिकला आहात. लढा यशस्वी झाल्यावर सरकारने चौकशी समिती नेमली. त्या समितीपुढे शेतकऱ्यांची बाजू मांडणाऱ्यांत महादेवभाई होते. आकडे, दाखले आणि गावोगावच्या जमिनींचा तपशील गोळा करण्याचे ते किचकट काम होते. अखेर वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. या लढ्याचा इतिहासही त्यांनी ग्रंथरूपाने लिहिला. त्यापूर्वी १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची हकीकत त्यांनी ‘एक धर्मयुद्ध’ या पुस्तकात सांगितली होती. कामगारांच्या कष्टांची कथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या स्वतःच्या कामाचे तास मात्र कोणी मोजत नव्हते. मोजले असते तर कोणत्याही गिरणीला लाज वाटली असती!

एवढ्या धामधुमीत घराचे काय होत होते? लग्नानंतर तब्बल एकोणीस वर्षांनी, २४ डिसेंबर १९२४ रोजी, महादेवभाई आणि दुर्गाबेन यांना पुत्र झाला. त्याचे नाव नारायण. इतक्या दीर्घ प्रतीक्षेनंतर झालेला एकुलता एक मुलगा! दुसऱ्या कोणा बापाने त्याला हातावेगळा केला नसता. महादेवभाईंना मात्र देशाचे बोलावणे चुकविता येत नव्हते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजींबरोबर ते विलायतेस गेले. परत येतात न येतात तोच १९३२ च्या आरंभी पुन्हा अटक झाली. प्रथम नाशिकचा तुरुंग, नंतर मार्च १९३२ पासून पुण्याजवळील येरवडा. येरवड्यास गांधीजी, वल्लभभाई आणि महादेवभाई असे तिघे एकत्र होते. पुणे करार झाला तो सप्टेंबर १९३२ चा प्रसंग महादेवभाईंनी तेथेच पाहिला आणि टिपला. सुटका झाल्यावर १९३३ साली पुन्हा कारावास घडला, तो बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात. तेथे त्यांनी गांधीजींच्या गीताभाषांतराचे इंग्रजी रूपांतर केले आणि त्याला विस्तृत विवेचनाची जोड दिली. अशा रीतीने नारायणाच्या वयाच्या पाचव्यापासून नवव्या वर्षापर्यंतचा मोठा काळ त्याचे वडील गजांआड होते. आणि हा सारा काळ मुलाला वाढविण्याची जबाबदारी दुर्गाबेनच्या शिरावर होती, हे सुज्ञांस सांगणे नलगे.

त्यानंतर गांधीजींचे वास्तव्य वर्ध्याकडे गेले आणि देसाई कुटुंबही तेथील मगनवाडीत राहावयास आले. १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सुमारे पाच मैलांवरील शेगाव या खेड्यात जाऊन राहिले. हेच पुढे सेवाग्राम झाले. टपाल वर्ध्यास येई. पाहुणे वर्ध्यास उतरत. छापखान्याकडे जाणारा मजकूरही वर्ध्याहून रवाना होई. म्हणून महादेवभाईंनी मगनवाडीतच बिऱ्हाड ठेवले आणि ते रोज पायी शेगावला जाऊन परत येऊ लागले. कधी कधी दिवसात दोन खेपा पडत. म्हणजे वीस मैलांची चाल! विदर्भातील वैशाखाचे ऊन ज्याने अनुभवले आहे, त्यालाच या चालण्याचा अर्थ समजेल. आणि हे चालणे म्हणजे काम नव्हे. काम दोन्ही टोकांना वाट पाहत असे.

असा माणूस मुलाला वेळ कसा देणार? येथे महादेवभाईंनी जी युक्ती योजिली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. नारायणाने रूढ शाळेत न जाण्याचे ठरविले. दुसरा बाप असता तर कदाचित त्याने छडी उगारली असती. महादेवभाईंनी मुलाच्या निश्चयाला पाठिंबा दिला आणि त्याचे शिक्षण आपल्या कामातूनच चालविले. मुलगा त्यांच्याजवळ बसून टंकलेखन शिकला, मजकुराच्या नकला करू लागला, भाषांतरे पाहू लागला आणि हळूहळू वडिलांचा मदतनीस बनला. कामातून वेळ काढून मुलाला देणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मुलालाच कामात घेतले. चंपारण्यात जे पत्नीच्या बाबतीत घडले होते, तेच वीस वर्षांनी मुलाच्या बाबतीत घडले. (विद्यार्थ्यांनी यावरून शाळा सोडण्याचा बोध घेऊ नये, कारण नारायणाला मिळाला तसा शिक्षक आणि ती लिहिण्यावाचण्याची शिस्त प्रत्येक घरी नसते!)

तथापि ही युक्तीही सर्वस्वी पुरी पडली नाही. तसे नसते तर हे चरित्र गोड झाले असते, खरे मात्र झाले नसते. मार्च १९३८ मध्ये ओरिसातील डेलांग या गावी गांधी सेवा संघाचे अधिवेशन होते. जगन्नाथपुरी तेथून जवळच. कस्तुरबा आणि दुर्गाबेन आश्रमातील आणखी एका भगिनीसह पुरीस गेल्या आणि भक्तिभावाने मंदिरात जाऊन दर्शन घेऊन आल्या. त्या काळी त्या मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता आणि जेथे हरिजनांना मज्जाव तेथे आपण जावयाचे नाही, असा गांधीजींचा निश्चय होता. तेरा वर्षांचा नारायण मात्र आत न जाता बाहेरच थांबला होता.

ही वार्ता कळताच गांधीजींना अतिशय दुःख झाले. त्यांची प्रकृती त्या क्लेशाने बिघडली. दोष त्यांनी स्वतःकडे घेतला आणि महादेवभाईंकडेही दिला. घरातील स्त्रियांना या प्रश्नाचे मर्म समजावून सांगणे हे या दोघांचे कर्तव्य होते आणि ते पार पडले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. महादेवभाईंच्या मनाला हा घाव खोल लागला. आपण या सेवेस पात्र नाही असे वाटून त्यांनी गांधीजींना सोडून जाण्याची सिद्धता दर्शविली. गांधीजींनी ती मानली नाही. पुढे महादेवभाईंनी ‘हरिजन’ पत्रात स्वतःच या प्रसंगावर लेख लिहिला आणि घरची गोष्ट चारचौघांत मांडली.

या प्रसंगात दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा आम्हांस अधिकार नाही. दुर्गाबेनची भक्ती निर्मळ होती. गांधीजींचे दुःखही खरे होते. परंतु एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. गांधीजींचे सूक्ष्मातील सूक्ष्म विचार जो मनुष्य साऱ्या जगाला सुबोध इंग्रजीत समजावून सांगत होता, त्यालाच स्वतःच्या घरात बसून ते विचार निवांत बोलण्याइतकी फुरसत राहिली नव्हती. ज्ञान होते, प्रेम होते, निष्ठा होती. नव्हता तो केवळ वेळ. वेळ नसला म्हणजे घरातील माणसे एकमेकांवर रुष्ट होतातच असे नाही. पण एकमेकांच्या मनात काय चालले आहे हे कळेनासे होते. आणि नारायण बाहेर थांबला यातही केवढा अर्थ आहे! वडिलांच्या कामात जो वाटेकरी झाला होता, त्याला ते मर्म न सांगता समजले होते.

शरीराने तर केव्हाच तक्रार सुरू केली होती. रक्तदाब वाढला होता. त्याच १९३८ साली प्रकृती इतकी ढासळली की, काम सोडून विश्रांतीसाठी त्यांना दूर जावे लागले. पण थोडे बरे वाटताच पुन्हा लेखणी हाती. पुढे त्यांचे बिऱ्हाड सेवाग्रामास आले. आजही सेवाग्रामच्या आश्रमात ‘महादेव कुटी’ पाहावयास मिळते. रोजची पायपीट थांबली, पण कामाचा ओघ थांबला नाही.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईस गांधीजींना अटक झाली. त्यांच्याबरोबर महादेवभाईंनाही पकडून पुण्यास आगाखान राजवाड्यात नेण्यात आले. दुर्गाबेन आणि नारायण सेवाग्रामास होते. १४ ऑगस्टपर्यंत रोजनिशी लिहिली गेली. १५ ऑगस्टच्या सकाळी महादेवभाईंना एकाएकी हृदयविकाराचा झटका आला. डॉ. सुशीला नय्यर तेथेच बंदिवासात होत्या. त्यांनी शर्थ केली, परंतु उपयोग झाला नाही. अवघ्या पन्नासाव्या वर्षी ही ज्योत मालवली. सरकारने देह बाहेर नेऊ दिला नाही. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना अखेरचे स्नान घातले आणि राजवाड्याच्या आवारातच अग्निसंस्कार केला. पत्नीला आणि मुलाला अंत्यदर्शन घडले नाही. गांधीजींनी धाडलेला सांत्वनाचा निरोपदेखील त्यांच्यापर्यंत फार विलंबाने पोहोचला. बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला, देश स्वतंत्र झाला. ज्याने त्यासाठी दिवसरात्र एक केली, तो तेव्हा नव्हता. आगाखान राजवाड्यात आज महादेवभाईंची आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच निवर्तलेल्या कस्तुरबांची अशा दोन समाध्या शेजारी शेजारी आहेत. पुण्यास जाल तेव्हा त्यांचे दर्शन अवश्य घ्या.

महादेवभाईंच्या पश्चात त्यांच्या रोजनिश्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागल्या. पहिल्या खंडांच्या संपादनाचे काम त्यांचे बालमित्रासारखे स्नेही नरहरी परीख यांनी केले. १९५५ साली साहित्य अकादमीने गुजराती भाषेसाठीचे आपले पारितोषिक याच रोजनिशीस दिले. साहित्यिक होण्याची जी आकांक्षा त्यांनी तरुणपणी बाजूला ठेवली होती, ती अशी आडवाटेने सफल झाली. आणि नारायण? त्यांनी विनोबांच्या भूदानकार्यात भाग घेतला, शांतिसेनेचे काम केले, आपल्याच दक्षिण गुजरातेतील वेडछी येथे संस्था उभारली आणि उतारवयात गावोगाव गांधीकथा सांगितली. १५ मार्च २०१५ रोजी सुरतेस त्यांचे देहावसान झाले. त्यांनी आपल्या वडिलांचे एक विस्तृत चरित्र लिहिले आणि त्यालाही साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. बापाचा सहवास ज्याला तुटकतुटक लाभला, त्या मुलाने बापाला इतके जवळून ओळखले होते, ही गोष्ट महादेवभाईंच्या बाजूने मोठीच साक्ष देते.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावे? अहोरात्र राबून देह झिजवावा, हाच बोध घ्यावा काय? आमचे मत तसे नाही. महादेवभाईंची निष्ठा वंदनीय आहे. पण त्यांना आणखी वीस वर्षे आयुष्य लाभते, तर देशाला आणि त्यांच्या घराला ते हवेच होते. विश्रांती हा आळस नव्हे. ती पुढच्या कामाची तरतूद आहे. त्यांच्या चरित्रातून घ्यावयाची गोष्ट निराळी आहे. ज्यांना काम फार असते, त्यांनी निदान आपले काम घरापासून लपवून ठेवू नये. आपण कशासाठी राबतो, हे पत्नीला आणि मुलांना कळू द्यावे; शक्य तेथे त्यांचा हात आपल्या कामाला लागू द्यावा; आणि जे केवळ निवांत बोलूनच समजते, त्यासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. महादेवभाईंनी यातील पहिल्या दोन गोष्टी साधल्या. तिसरी साधावयास त्यांना उसंत मिळाली नाही.

आमच्या वाचक पालकांपैकी कित्येकजण खानदेशातून पोटासाठी या शहरात आले आहेत. कोणी यंत्रमागावर बारा बारा तासांची पाळी करतात, कोणी कापडाच्या बाजारात राबतात, कोणी हिरे घासतात. आणि मायमाउल्या घरकाम आटोपून साड्यांवर टिकल्या लावीत बसतात. महादेवभाईंनी आपले कष्ट स्वेच्छेने पत्करले होते. यांचे कष्ट परिस्थितीने लादलेले आहेत, हा भेद आम्ही विसरत नाही. ज्याची पाळी मालक ठरवितो, त्याला तोल साधण्याचा उपदेश करणे सोपे असते. म्हणून आमचे सांगणे पालकांपेक्षा मुलांना अधिक आहे. बाप थकून घरी येतो तेव्हा तो अबोल असतो, रागावलेला नसतो. त्याच्या कामाविषयी त्याला विचारा. माग कसा चालतो, धागा तुटला म्हणजे काय करतात, पगाराचा हिशेब कसा होतो, हे त्याच्याकडून समजून घ्या. हिशेब लिहून देता येत असेल तर लिहून द्या. अर्ज वाचून दाखविता येत असेल तर दाखवा. नारायणाप्रमाणे तुम्हीही आईबापांच्या कामात थोडे वाटेकरी व्हा.

आणि कोणत्याही थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याच्या घरातील दुर्गाबेनला विसरू नका. तिचे नाव समाधीवर कोरलेले नसते. पण त्या कार्यात तिच्या आयुष्याचाही वाटा असतो.